रायगडची समाधी आणि वीरपूजेचा प्रश्न

रायगडावर जगदीश्वराच्या देवळाबाहेर, पूर्वेच्या अंगाला, काळ्या चिऱ्यांचा एक अष्टकोनी चौथरा आहे. मूळचे बांधकाम साधारण छातीइतके उंच, वरून फरसबंदी केलेले. ३ एप्रिल १६८० रोजी, म्हणजे शके १६०२ च्या चैत्री पौर्णिमेला, छत्रपती शिवाजी महाराजांचे गडावर निधन झाले आणि जगदीश्वराच्या प्रासादाबाहेरच त्यांच्या देहाला अग्नी दिला गेला. चौथऱ्यावरची छत्री बरीच अलीकडची, १९२६ च्या सुमारास पुरी झालेली. महाडहून पाचाडमार्गे येणारा माणूस पायऱ्यांनी चढून येवो किंवा रोपवेने, इथे पोचल्यावर तो वहाणा काढतो, फूल वाहतो, माथा टेकवतो आणि जयजयकार करतो. आत जगदीश्वरापुढेही त्याने थोड्या वेळापूर्वी जवळजवळ हेच केलेले असते. या दोन नमस्कारांत काही फरक आहे का, आणि असावा का, हा धर्मविचारातला जुना प्रश्न आहे. रायगडाइतका तो उघड्यावर मांडलेला दुसरीकडे क्वचितच सापडेल.

शास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर दहन झालेल्या माणसासाठी जागेची गरजच नाही. अंत्येष्टीचा सारा रोख देह पंचमहाभूतांना परत करण्याकडे असतो. अस्थी वाहत्या पाण्यात जातात आणि पुढचे श्राद्धकर्म तिथीवर चालते, स्थळावर नाही. संन्याशाची गोष्ट वेगळी. त्याला अग्नी देत नाहीत, भूमीत बसवतात, म्हणून त्याच्या समाधीला स्थळाचे महत्त्व येते. आळंदीला १२९६ साली ज्ञानेश्वरांनी घेतलेली समाधी या प्रकारातली. वारकऱ्यांच्या श्रद्धेनुसार माउली तिथे आजही आहेत, आणि त्या श्रद्धेला तिथल्या पूजेचा भक्कम आधार आहे. रायगडावर असे कोणी म्हणत नाही. राजा तिथे बसलेला नाही, तो गेला आणि त्याच्या देहाची राख झाली. तरीही त्या जागी दगड रचले गेले. ही प्रेरणा धर्मशास्त्रातून आली नाही. ती लोकाचारातून आणि राजघराण्यांच्या रीतीतून आली. राजपुतान्यातल्या छत्र्या, दख्खनच्या सुलतानांचे मकबरे आणि गावोगावचे वीरगळ हे सगळे त्या काळच्या मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर होते.

त्यातला वीरगळ बारकाईने पाहण्यासारखा आहे. गावाच्या वेशीवर, मारुतीच्या पाराशी किंवा जुन्या शिवालयाच्या आवारात तो अर्धा जमिनीत रुतून उभा असतो. बहुधा त्याचे तीन-चार टप्पे असतात. सगळ्यांत खाली लढाई किंवा पडलेला वीर, कधी शेजारी गाई, म्हणजे गुरे सोडवताना आलेले मरण. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर गलबतांची झुंज कोरलेली आहे. मधल्या टप्प्यात अप्सरा वीराला हाताला धरून वर नेताना दिसतात. सगळ्यांत वर शिवपिंड, शेजारी पुजारी आणि समोर हात जोडून बसलेला तोच वीर. माथ्यावर कलश, बाजूंना चंद्र-सूर्य. वरचा टप्पा घाईत नजरेआड होतो, पण सगळा विचार तिथेच आहे. मरणाने वीराला कैलास मिळाला, तरी कैलासात गेल्यावरही तो पूजा घेत बसलेला नाही. तो पूजा करतो आहे. गावकरी त्या दगडाला शेंदूर लावतात, नारळ फोडतात, काही ठिकाणी तो वीर ग्रामदैवतांच्या पंगतीलाही जाऊन बसतो. घडवणाऱ्याने मात्र वीर आणि देव यांच्यामध्ये हातभर अंतर ठेवले होते.

रायगडावरची मांडणी या वीरगळासारखीच आहे, फक्त उभ्याऐवजी आडवी. आत गाभाऱ्यात पिंड, समोर नंदी, बाहेर दरवाजा आणि दरवाजापलीकडे राजा. देवळावरचा शिलालेख शके १५९६ चा, म्हणजे राज्याभिषेकाच्याच वर्षाचा आहे. छत्रपतींच्या आज्ञेवरून हिरोजीने हा प्रासाद उभारला, गडावर विहिरी, तळी, वाडे बांधले, असे तो सांगतो आणि चंद्र-सूर्य असेतो हे सारे टिकावे अशी इच्छा करतो. एका पायरीवर दुसरा लहानसा लेख आहे. सेवेत तत्पर अशा शब्दांत हिरोजी इटळकराने तिथे आपले नाव घातले आहे. येणाऱ्याजाणाऱ्याची पायधूळ त्या नावावर पडावी अशी त्याची मागणी होती, असे लोक सांगतात. दंतकथा असेल, पण जागा तीच हवी हे खरे. सेवक पायरीवर, राजा दाराबाहेर, देव आत. राज्याभिषेकानंतर महाराज हत्तीवरून याच जगदीश्वराच्या दर्शनाला आले होते. ज्या देवापुढे राजाने अभिषिक्त मस्तक नमवले, त्याच देवाच्या दारी त्याचा देह ठेवला गेला, यात ठरवून केलेली सुसंगती दिसते. देवळाचा घुमट शत्रूला मशीद वाटावी म्हणून तसा केला, ही हौशी वाटाड्यांची आवडती गोष्ट. त्या काळच्या दख्खनी बांधकामात घुमट सर्रास होता, त्यासाठी कोणाला फसवण्याची गरज नव्हती.

याउलटचा प्रवाहही तितकाच जुना आहे आणि तो शिवकाळातच वाहत होता. मनुस्मृतीचा सातवा अध्याय राजा आठ लोकपालांच्या अंशांपासून घडला असे सांगतो. तो बालक असला तरी त्याला केवळ माणूस समजू नये, असा त्याचा आग्रह. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात शिवाजी महाराज विष्णूचा अवतार म्हणून येतात. हे काव्य त्यांच्या हयातीतले. पुढच्या बखरींनी त्यांना शंकराचा अवतारही केले. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक हा तर मंत्रांनी माणसाला राजपद देण्याचाच विधी होता. गागाभट्टांनी आधी महाराजांची मुंज लावली, मग अभिषेक झाला. काही महिन्यांत निश्चलपुरी गोसाव्याच्या सांगण्यावरून तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेकही झाला. तेव्हा देवत्वाची भाषा पुढच्या भाबड्या पिढ्यांनी शोधून काढली असे म्हणता येत नाही. ती राजसत्तेच्या हाताशी तयारच होती. मात्र अंश आणि अवतार यांत अंतर आहे. मनूचा अंश सिंहासनाला चिकटलेला असतो, तो कोणत्याही राजाला मिळतो आणि राज्य गेले की सरतो. अवतार व्यक्तीला चिकटतो आणि मरणानंतरही सरत नाही.

मरणानंतरचे देवत्व प्रत्यक्ष पाहायचे तर रायगड सोडून मालवणला जावे लागते. सिंधुदुर्गावर १६९५ साली राजाराम महाराजांनी श्रीशिवराजेश्वराचे मंदिर बांधले. गाभाऱ्यात शिवाजी महाराजांची वीरासनातली मूर्ती आहे, दाढी नसलेली, डोक्यावर टोपी, कोळी-खलाशांच्या घालण्याशी जवळीक सांगणारी. सणासुदीला तिच्यावर चांदीचा मुखवटा चढतो. राजाच्या नावापुढे ‘ईश्वर’ जोडून देवळाला नाव देण्याची रीत दक्षिणेत जुनी आहे. तंजावरचे राजराजेश्वर मंदिर चोळ सम्राट राजराजाच्या नावाचे. पण तिथे आत शिव आहे, नाव तेवढे राजाचे. सिंधुदुर्गावर नावही राजाचे आणि मूर्तीही राजाची. हे पाऊल मोठे आहे. ते का टाकले गेले याचा अंदाज काळ पाहून बांधता येतो. रायगड १६८९ मध्ये मोगलांच्या हाती गेला होता, येसूबाई आणि बाळ शाहू कैदेत होते, राजाराम महाराज दूर जिंजीला होते. बापाची समाधी शत्रूच्या ताब्यात असताना पाण्यातल्या अजिंक्य किल्ल्यावर त्याचे देऊळ उभे राहिले. स्मरणाला जागा उरली नव्हती, ती पूजेने मिळवून दिली, असे मानायला वाव आहे.

पूजेच्या बाजूचा हाच सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. रायगड १७३३ मध्ये मराठ्यांकडे परत आला, १८१८ च्या मे महिन्यात कर्नल प्रॉथरच्या तोफांनी पडला आणि पेटला. त्यानंतर गड ओस पडला. १८८३ साली जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने समाधीच्या दैन्याबद्दल लिहिले, तेव्हा कुठे शिकलेल्या मंडळींना जाग येऊ लागली. त्या साठ-पासष्ट वर्षांत समाधीवर झाडोरा माजला, पण सिंधुदुर्गावरची पूजा चालू होती. ज्याला रोज दिवा लागतो ते सहसा विसरले जात नाही. ज्ञानी माणसाने निर्गुणाच्या गोष्टी कराव्यात. बहुसंख्यांना सगुण लागते, डोळ्यांपुढे रूप लागते, हे महाराष्ट्राच्या संतपरंपरेनेच मान्य केले आहे. मग राजाच्या बाबतीतच एवढा सोवळेपणा कशाला, असा प्रश्न कोणी विचारला तर तो वावगा नाही.

या प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या शतकात वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळे दिले. जोतीराव फुले यांनी १८६९ साली शिवाजीराजांचा पवाडा छापला. त्यांचा नायक शेतकऱ्यांचा, कुळवाड्यांचा राजा आहे, त्याला अवतार होण्याची गरज नाही. लोकमान्य टिळकांनी १८९५ मध्ये ‘केसरी’तून समाधीच्या जीर्णोद्धाराचा विषय लावून धरला, निधी उभारला आणि १८९६ च्या एप्रिलमध्ये गडावर उत्सव भरवला. कार्लाइलचे वीरांवरचे पुस्तक तेव्हाच्या इंग्रजी शिकलेल्या पिढीच्या चांगल्या परिचयाचे होते. इतिहास म्हणजे थोर पुरुषांची चरित्रे आणि वीरपूजा हा मानवी समाजाचा पाया, हा त्याचा सिद्धान्त. टिळकही वीरपूजेला मनुष्यस्वभावातली खोल प्रवृत्ती मानत. पण १९०६ साली ‘मराठा’ पत्रात त्यांनी त्याला एक मर्यादा घातली. शिवाजीचा उत्सव करायचा म्हणजे त्याची प्रत्येक कृती गिरवायची असे नाही, घ्यायचे ते त्यामागचे तेज, आणि हा उत्सव मुसलमानांविरुद्ध नाही.

मर्यादा घालण्याची वेळ का आली, हे नऊ वर्षांपूर्वीच्या एका प्रकरणावरून कळते. १८९७ च्या जूनमध्ये पुण्याच्या शिवराज्याभिषेक उत्सवात अफजलखानाच्या वधाची चर्चा झाली. थोर पुरुष सामान्य नीतीच्या नियमांपलीकडे असतात आणि फळाची आसक्ती न धरता केलेल्या कर्माचे पाप लागत नाही, असा गीतेच्या आधारे युक्तिवाद झाला. १५ जूनच्या ‘केसरी’त त्याचा वृत्तान्त आला. २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट या इंग्रज अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. लेख आणि गोळी यांचा थेट संबंध सरकारला दाखवता आला नाही. तत्त्वाचा प्रश्न मात्र खटल्याबरोबर मिटला नाही. अफजलखानाची भेट १० नोव्हेंबर १६५९ ची. युद्ध चालू होते, दगा होण्याचा संशय दोन्हीकडे होता, आणि त्या परिस्थितीत महाराजांच्या कृतीचे समर्थन साध्या नीतीच्या चौकटीत राहून करता येते. आत्मसंरक्षण आणि प्रजेचे रक्षण एवढी दोन कारणे पुरेशी आहेत. त्यासाठी थोरांना नियमांतून सूट देण्याची गरजच नव्हती. पूजेची खरी किंमत इथे मोजावी लागते. देव नियमांपलीकडे असतो, म्हणून ज्याला देव केले त्याच्या कृत्याची चिकित्सा बंद होते, आणि स्वतःला त्याचा भक्त म्हणवणारा आपल्या कृत्यालाही तीच सूट मागू लागतो.

न्यायमूर्ती रानडे यांचा मार्ग तिसरा. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथात त्यांनी महाराजांचे श्रेय कमी केले नाही, पण ते एकट्याचे ठेवले नाही. संतांनी जातीजातींच्या भिंती सैल केल्या, गावगाडा आणि डोंगरी मुलूख यांनी माणसे घडवली, आणि त्या तयार जमिनीत हे रोप वाढले, असे त्यांचे म्हणणे. समाजाने आधी थोर पुरुष घडवावा लागतो, मग तो समाज घडवतो, असा हर्बर्ट स्पेन्सरचा कार्लाइलला आक्षेप होता. रानड्यांचे विवेचन त्याच्याजवळ जाते, फक्त त्यात स्पेन्सरचा कोरडेपणा नाही. पायरीवर नाव कोरणारा हिरोजी या दृष्टीने पाहिला तर नुसता नम्र सेवक उरत नाही. गड त्याने बांधला आहे.

रानड्यांच्याच स्मरणार्थ १९४३ च्या जानेवारीत पुण्यात बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा वाद पुन्हा उघडला. थोर पुरुष इतिहास घडवतात हे त्यांनी नाकारले नाही, पण थोरपणाची कसोटी सामाजिक हेतूत ठेवली आणि व्यक्तिपूजेवर कोरडे ओढले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी हा विचार अधिक नेमका केला. धर्मात भक्ती आत्म्याला मोक्षाकडे नेत असेल, राजकारणात मात्र ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. या विधानाची धार रायगडच्या परिसरात जास्त जाणवते. गडावर जाणारी वाट महाडवरून जाते. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी याच महाडात उचलले गेले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती याच महाडात जाळली गेली. राजाला लोकपालांचा अंश ठरवणारा आणि शूद्रातिशूद्रांना हीन ठरवणारा ग्रंथ एकच होता. माणसाला जन्मावरून पवित्र मानणारी विचारपद्धती दुसऱ्या कोणाला जन्मावरून अपवित्र मानल्याशिवाय सहसा थांबत नाही. फुल्यांनी आपला नायक अवतार न करता का उभा केला, याचे उत्तरही इथेच आहे.

समाधीजवळ उंच चौथऱ्यावर एका कुत्र्याचा पुतळा आहे. ‘वाघ्या’ नावाच्या इमानी कुत्र्याने महाराजांच्या चितेत उडी घेतली, अशी कथा. समकालीन साधनांत तिला आधार नाही. पुतळा १९३६ च्या सुमाराचा, आणि तो ठेवावा की हलवावा यावर अलीकडे बरेच वाद झाले. पुराव्याच्या दृष्टीने वाद सोपा आहे, भावनेच्या दृष्टीने नाही. शंकरापुढे नंदी, विष्णूपुढे गरुड, रामापुढे मारुती. देवापुढे त्याचा भक्त किंवा वाहन हवेच, अशी आपल्या डोळ्यांची सवय आहे. खंडोबाच्या चित्रांत तर घोड्याच्या पायाशी कुत्रा असतोच आणि त्याच्या उपासकांनाही वाघ्या म्हणतात. पूजास्थळ म्हणून पाहिलेल्या समाधीपुढची रिकामी जागा लोकमनाने ओळखीच्या आकाराने भरून काढली. इतिहासकार या कथेवर चिडतात ते बरोबरच आहे, पण ती कुठून आली हे त्यांनी सांगितले तर लोक जास्त ऐकतील.

समाधी हे पूजास्थळ की स्मारक, या प्रश्नाचे एक उत्तर कायद्याने देऊन ठेवले आहे. रायगड केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठा लष्करी भूदृश्यांच्या बारा किल्ल्यांत त्याचा समावेश आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू जपणे हे संविधानाच्या ४९ व्या अनुच्छेदाने राज्याचे काम ठरवले आहे. विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर देण्याची सक्ती २७ वा अनुच्छेद करू देत नाही. सर्वधर्मीयांच्या पैशातून समाधीची डागडुजी होऊ शकते ती समाधी हे स्मारक असल्यामुळे. ज्याला शिवाजीराजे देव वाटत नाहीत, असा मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध किंवा नास्तिक माणूसही तिथे पूर्ण आदराने उभा राहू शकतो, तो याच कारणाने. देवळात त्याचे स्वागत झाले तरी तो पाहुणा राहतो. २०२५ साली भिवंडी तालुक्यात महाराजांचे नवे मंदिर उभे राहिले. श्रद्धावंतांनी आपल्या खर्चाने आणि आपल्या जागेत देऊळ बांधण्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. रायगडाला देवळाचे रूप देण्याची गोष्ट निराळी, कारण ती जागा कोण्या एका श्रद्धेच्या वाट्याची नाही.

गडावर राज्याभिषेकाचा सोहळा आता वर्षातून दोनदा होतो. एक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, तिथीप्रमाणे. दुसरा ६ जूनला, तारखेप्रमाणे. तिथीवाल्यांचे म्हणणे असे की महाराजांनी स्वतः पंचांग पाहून मुहूर्त धरला होता. तारीखवाल्यांचे असे की राष्ट्रपुरुषाचा दिवस सर्वांना लक्षात राहील असा असावा. ६ जून ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेची आहे, आजच्या ग्रेगोरियन गणनेने तो दिवस १६ जूनला येतो. दोन्ही दिवशी सिंहासनाच्या जागेवरच्या मूर्तीला पाण्याचा अभिषेक होतो, मंत्र म्हटले जातात आणि मग पालखी निघते ती जगदीश्वराकडे आणि तिथून दाराबाहेरच्या समाधीकडे.